कॅटलोनियातील सहकारी वायनरी आणि सेझार मार्टिनेल

मुंबईकराला सहकार म्हटले की आधी गृहनिर्माण संस्था आठवते. सहकारी कारखाना म्हणजे घाटावरचा, उसाचा आणि पत्र्याच्या छपराचा. त्यामुळे स्पेनमधील कॅटलोनियात द्राक्षबागायतदारांनी एकत्र येऊन बांधलेल्या वायनरींना ‘वाइनची कॅथिड्रले’ म्हणतात, हे आपल्याला अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. नाटककार आंजल गिमेरा यांनी एस्प्लुगा दे फ्रांकोली येथील वायनरी पाहून हे नाव दिले, असे सांगतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा या मुळांवरील किडीने तेथील बागा उद्ध्वस्त केल्या. अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून (खुंटाचे महत्त्व नाशिककडच्या बागायतदाराला सांगायला नको) त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण लहान शेतकऱ्याला वाइन आंबवायला स्वतःची टाकी परवडेना आणि व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागे. सहकारी संस्था निघाल्या त्या या अडचणीतून.

प्रसिद्ध कॅटलान वास्तुविशारद आंतोनी गौदी यांचा शिष्य असलेल्या सेझार मार्टिनेल या तरुण वास्तुविशारदाने १९१८ पासूनच्या काही वर्षांत अशा संस्थांसाठी सुमारे चाळीस इमारतींची कामे केली. पहिल्या महायुद्धामुळे लोखंड महागले होते आणि संस्थांकडे पैसा बेताचाच होता, म्हणून त्याने स्थानिक विटेवर भिस्त ठेवली. उलट्या धरलेल्या लोंबत्या साखळीच्या आकाराला जवळ जाणाऱ्या त्याच्या कमानींत भार जवळजवळ केवळ दाबाच्या रूपाने जमिनीपर्यंत उतरतो, त्यामुळे सडपातळ विटकामावरही रुंद छप्पर पेलते. गांदेसा येथे तर छपरासाठी पातळ विटा आडव्या ठेवून, जिप्समच्या झटपट घट्ट होणाऱ्या मसाल्यात जोडलेले कॅटलान घुमट वापरले आहेत. या पद्धतीत खालून लाकडी साच्याचा आधार फारसा लागत नाही. उंच, अरुंद खिडक्या शोभेच्या वाटतात खऱ्या, पण आंबवणाच्या वेळी निर्माण होणारी उष्णता आणि वायू बाहेर काढण्यासाठी हवा खेळती ठेवणे हे त्यांचे खरे काम. दोन टाक्यांच्या मधे मोकळी जागा सोडण्यामागेही हाच विचार होता.

पिनेल दे ब्राय येथील वायनरीसाठी चित्रकार शाबिएर नोगेस यांनी द्राक्षतोडणीची आणि झिंगलेल्या शिकाऱ्यांची चित्रे असलेला फरशांचा पट्टा रेखाटला. तो मात्र खर्चापायी अनेक वर्षे भिंतीवर चढला नाही. माझ्या मते तो नसता तरी इमारतीची शोभा उणावली नसती, पण ते शिकारी फार गमतीदार आहेत.