पायापुरता उजेड

"अरे, एवढं लांब कशाला मारालास? पायापाशी धर की!"

काल रात्री सोलापुरात आमच्या लष्कर भागात लाईट गेलेली. प्रार्थनासभेहून मावशींना घरी सोडत होतो. मोबाईलची बॅटरी मी पार गल्लीच्या टोकापर्यंत टाकलेली आणि मावशी पायरी चाचपडत होत्या.

त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ११९ वं स्तोत्र. १७६ वचनांचं, सगळ्यात मोठं. त्यातलं १०५ वं आपल्याकडे लहान पोरांनाही पाठ असतं: देवाचं वचन पावलांसाठी दिवा, वाटेसाठी प्रकाश. तो दिवा म्हणजे तळहातावर मावणारी मातीची पणती, ऑलिव्हच्या तेलावर जळणारी. तिच्या उजेडात दिसणार ती पुढची एकदोन पावलं. हे इतकी वर्षं कधी डोळ्यांसमोर आलंच नव्हतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ८ व्या अध्यायात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो आणि लगेच आपल्यामागे चालणाऱ्याबद्दल बोलतो. तिथंही चालणं आहेच.

मला तर सगळा रस्ता आत्ताच दिसायला हवा असतो. पोराचं कॉलेज, पुण्याला जायचं की सोलापुरातच राहायचं, आईचं पुढं कसं... प्रार्थनेत मी हेच मागत असतो.

तुम्ही काय मागता?