सावंतवाडीची चितारआळी: दोन दिवस, पायी

गोव्याला जाताना बहुतेक जण सावंतवाडीत तासभर थांबतात. मोती तलावाकाठी चहा होतो, बाजारातून लाकडी फळांची एक टोपली घेतली जाते आणि गाडी पुढे निघते. आम्हीही दोनदा तसंच केलं होतं. या मार्गशीर्षात मात्र मी आणि माझी आठवीतली लेक, दोघंच, फक्त चितारी मंडळींना, म्हणजे लाकडी वस्तू आणि पत्ते रंगवणाऱ्या कारागिरांना, काम करताना बघायला म्हणून गेलो आणि दोन दिवस राहिलो.

आधी पोचण्याचं सांगतो. तुतारी एक्सप्रेस मध्यरात्री दादरहून सुटते आणि दुपारी सावंतवाडी रोडला सोडते. स्टेशन गावात नाही, सात-आठ किलोमीटर लांब आहे, तेव्हा रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं, की मुंबई-गोवा महामार्ग आता गावाबाहेरून जातो. झारापला आत वळायचं विसरलात तर थेट बांद्याकडे जाल.

सुरुवात राजवाड्यापासून करा. तलावासमोरच्या जांभ्या दगडाच्या या वाड्यात दरबार हॉलमध्ये चितारी बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवतात. ही कला इथे जवळजवळ संपली होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या वृद्ध जाणकारांकडून ती शिकून घेतली, तरुणांना शिकवायला लावली आणि 1970च्या दशकाच्या सुरुवातीला वाड्यातच काम सुरू केलं. स्वतः राणीसाहेब ब्रश घेऊन बसत. हे नुसतं वाचण्यापेक्षा त्या हॉलमध्ये उभं राहून ऐकलं की जास्त पोचतं. दुपारी जेवणाच्या वेळी वाडा बंद असतो. आम्ही नेमके तेव्हाच गेलो आणि ऊन डोक्यावर घेऊन तलावाला फेरी मारली. तुम्ही सकाळीच जा.

दशावतारी गंजिफाचे पत्ते 120. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. लेकीला हा नियम इतका आवडला की तिने तो घरी फोन करून आजीला सांगितला.

तिथून चालत चितारआळीत या. दुकानं दर्शनी आहेत, पण खरं काम मागच्या पडवीत चालतं. आम्ही एका घरासमोर रेंगाळलो तर आतून हाक आली, "खंयसून इलास? वाईच बसा." साठीच्या काकी खाली बसून मत्स्याचा राजा रंगवत होत्या. मी इतक्या जवळून हे काम पहिल्यांदाच पाहिलं. पत्ता गोल, तळहातात मावणारा. काठाची रेघ ओढताना त्यांचा ब्रश जागचा हलला नाही, डाव्या हाताची बोटं पत्ता फिरवत राहिली, आणि रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. मग माशाच्या अंगावरचे खवले, एकेक टिंब. शेवटी डोळा. डोळा काढेपर्यंत त्या बोलल्या नाहीत आणि आम्हीही श्वास धरून बसलो. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून पत्ते करत आणि पाठीला लाख देत. आता बहुतेक काम जाड कागदावर होतं. "हात तोच आसा," त्या म्हणाल्या.

लेकीने विचारलं, माशाच्या बाजूला हा काळा कोण? "संकासूर गो. वेद चोरून न्हेल्यान नि समुद्रात लपलो."

खरेदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. या घरांमध्ये घासाघीस करू नका. पूर्ण संच हजारांत जातो, ते प्रत्येकाला परवडेल असं नाही, पण सुटा पत्ता किंवा पत्त्याचं चित्र असलेली छोटी डबी मिळते. ती घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा. बाजारात बाहेरून आलेली खेळणीही मांडलेली असतात. दुकानदाराला सरळ विचारलं की हे इथलं का, तर तो खरं सांगतो, असा माझा अनुभव आहे. पांगाऱ्याच्या लाकडाचं फळ हातात घेतलं की आश्चर्य वाटावं इतकं हलकं लागतं. हल्ली पांगारा कमी मिळतो, म्हणून आंब्याचं लाकूडही वापरतात. तेही इथल्याच हातांचं असतं, त्यात काही वाईट नाही. केळ्यापेक्षा कारलं बघा, त्याच्या खरखरीत पाठीवरची हिरव्याची छटा जमवायला खरा हात लागतो. आणि रंगवलेले पत्ते उन्हातल्या गाडीत ठेवू नका. माझे चार पत्ते डिकीत एकमेकांना चिकटले, सोडवताना दोघांचा रंग गेला. मध्ये पातळ कागद घालून हातातल्या पिशवीत ठेवा.

फोटो काढण्याआधी विचारा. कुणी नाही म्हणत नाही, पण काम मध्येच थांबवून मान वर करायला लावणं बरं नव्हे. गणपतीच्या आधीचे दोन महिने चितारी मूर्तिशाळांमध्ये बुडालेले असतात, तेव्हा गप्पांची अपेक्षा ठेवू नका. मूर्ती रंगताना बघायच्या असतील तर मात्र तेव्हाच जा.

दुसऱ्या दिवशी एसटीने कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो, वीसेक किलोमीटर. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात कलांगण हे संग्रहालय उभं केलं आणि 2021मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका पोथीत एक कथा, चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने ती गाऊन सांगायची. चित्रं भिंतीवर टांगलेली पाहून परत फिरू नका. आधी फोन करून जा आणि कथा ऐकायची आहे असं सांगा. गाणं सुरू झालं की त्या मोठ्या डोळ्यांच्या आकृत्या वेगळ्याच दिसू लागतात. तिथल्या चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्यांनाही वेळ ठेवा. आम्ही तासाभराचा बेत केला होता, निघेपर्यंत अर्धा दिवस गेला.

जत्रांच्या दिवसांत आलात तर आणखी एक रात्र राहा. जवळच्या कुठल्या गावात आज दशावतारी नाटक आहे, ते काकींनीच आम्हाला सांगितलं. स्वेटर न्या, देवळाच्या आवारात पहाटे गारठा असतो, आणि परतीची रिक्षा आधीच सांगून ठेवा. नाटकाच्या सुरुवातीला काळ्या वेशातला संकासूर नाचत आला, तेव्हा लेकीने खिशातून काकींनी रंगवलेला पत्ता काढला आणि देवळाच्या उजेडात धरून बघितला.