परिक्रमेनंतरचे सहा आठवडे : टाच, जिना आणि मावंदं (यात्रेहून परतल्यावर घालायचं जेवण)

पायी नर्मदा परिक्रमा उचलणाऱ्याला शूलपाणीच्या झाडीबद्दल, म्हणजे वाटेतल्या जंगलाबद्दल, वीस जण सांगतात. नर्मदेच्या मुखाशी विमलेश्वरहून मिठी तलाईला जाणारी नाव भरती बघून सुटते, तेव्हा रात्रीही तयार राहा, हेही सांगतात. ओंकारेश्वरला समाप्ती करून घरी आल्यावर काय होतं ते मात्र कुणी सांगत नाही. "चार दिवस आराम केला की झालं" एवढ्यावर विषय मिटतो. हे साफ खोटं आहे. चार-साडेचार महिने रोज वीस-बावीस किलोमीटर चाललेलं शरीर घरात मुरायला सहा आठवडे घेतं आणि त्यातले चौथ्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंतचे दिवस अख्ख्या परिक्रमेतल्या कुठल्याही टप्प्याइतके कठीण असतात. हा वृत्तांत त्या टप्प्याचा आहे. सॅक, बूट, सदावर्त, मुक्काम यातलं काही इथे नाही. ते ज्याला येतं त्याच्यासाठीच हे लिहितोय.

दुखण्याचं मूळ घरी नसतं, हंडियानंतरच्या वाटेवर असतं. नर्मदापुरमकडून हंडियापर्यंत ठीक चाललेलं असतं, तिथल्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पुढे इंदिरा सागर धरणाच्या फुगवट्यामुळे काठ सुटतो, वाट आतल्या गावांतून आणि बरीचशी डांबरावरून जाते. चैत्र-वैशाखाचं ऊन, डांबर तापलेलं. त्यात घरच्यांनी परतीचं आरक्षण करून ठेवलेलं असतं, म्हणून रोजचे बावीस किलोमीटर बत्तीस-पस्तीसवर जातात. घात इथे होतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. पायवाटेवर पाऊल दर वेळी वेगळं पडतं, ताण वाटला जातो. डांबरावर हजारो पावलं एकाच कोनात पडतात आणि ताण त्या पट्ट्याच्या टाचेकडच्या टोकावर येतो. चालताना पाय गरम असल्यामुळे जाणवत नाही. विश्रांती मिळाली की जाणवतं, म्हणजे घरी.

म्हणून पहिला सल्ला: परतीचं तिकीट आधी काढू नका. समाप्तीनंतर ओंकारेश्वरला दोन दिवस काढा. इतके महिने नर्मदा मैया ओलांडायची नव्हती, आता मांधाता बेटावर जाऊन वाटभर जवळ बाळगलेलं बाटलीतलं जल ओंकारेश्वराला चढवायचं असतं. पायऱ्या भरपूर आहेत, त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. दुसरा दिवस पूर्ण रिकामा. समाप्तीची पूजा, कन्याभोजन आणि कढाईचा शिरा यांचा आकडा सामानासकट, कन्या किती हे धरून, बसण्याआधी ठरवा. पूजा उरकल्यावर, डोळे भरून आलेले असताना, कुणीही घासाघीस करत नाही आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं. गाडीचंही तेच. पांढरे कपडे आणि कमंडलू दिसला की घाटावर खासगी गाडीचा भाव वाढतो. सरळ बस स्टँडवर जा. खंडवा आणि इंदूर दोन्हीकडे बस मिळते. मुंबईकडच्या गाड्यांसाठी खंडवा बरं. प्रवासात दर तासाला उठून डब्यात फिरा. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे तेल चोळत बसणं धोक्याचं आहे.

घरी पहिले तीन दिवस छान जातात. ओवाळणं, गरम पाणी, आईच्या हातचं जेवण. चौथ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. दहा-बारा पावलांनी ती कमी होते आणि माणूस ती विसरतो. इथेच सगळे चुकतात.

आपल्या घरांत अनवाणी वावरतात. शहाबादी असो की टाइल्स, घट्ट फरशीवर दिवसभर अनवाणी फिरणं हेच दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. घरात वापरायला जाड, मऊ तळाची वेगळी चप्पल घ्या, रात्री पलंगाशी ठेवा आणि पहिलं पाऊल तिच्यातच टाका. उठण्याआधी गादीवर बसूनच उपरणं पायाच्या चवड्याला अडकवा, गुडघा सरळ ठेवून स्वतःकडे ओढा, तीस सेकंद धरा. प्रत्येक पायाला तीन वेळा. संध्याकाळी पाण्याची बाटली बर्फ करून मोज्यासकट तळव्याखाली दहा मिनिटं घोळवा.

दुसऱ्या आठवड्यापासून जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरचा व्यायाम सुरू करा. पंच्याची घट्ट गुंडाळी करून बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. चवडा पायरीच्या कडेवर, टाच अधांतरी, कठड्याला हात. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद वर थांबा, तीन सेकंदांत खाली. असे बारा, मध्ये दम घेऊन तीन वेळा. दिवसाआड करा, रोज नको. दोन्ही पायांवर सोपं वाटू लागलं की एका पायावर करा. गुंडाळी विसरलात तर पट्ट्याला पुरेसा ताण बसत नाही आणि व्यायामाचा निम्मा उपयोग वाया जातो. फरक पडायला आठवडे लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नका.

पैसे उकळले जातात ते टाचेच्या या दुखण्यावर. विकणारे तुम्हाला यंत्रावर उभं करून पायाचा रंगीत नकाशा दाखवतात आणि पाच-सात हजारांचे इनसोल, म्हणजे बुटात घालायचे तळ, गळ्यात मारतात. पहिल्या दीड महिन्यात ते घेऊ नका. पाऊल अजून सुजलेलं आणि पसरलेलं असतं, आजच्या मापाचा इनसोल दोन महिन्यांनी बसेलच असं नाही. मेडिकलमधली सिलिकॉनची टाचेची गादी आधी वापरून बघा. बुटांचंही तसंच: जुने ऑफिसचे बूट बहुतेकांना घट्ट होतात, कारण तळव्याची कमान बसते आणि पंजा रुंदावतो. त्यातली सूज उतरते, पण रुंदी थोडी राहूही शकते. संध्याकाळी, उभं राहून, कागदावर दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा. सहा आठवड्यांनी पुन्हा काढा. दोन्ही रेषा जुळल्या की महागडे बूट घ्या, तोवर साध्या सँडलवर भागवा. टाचेत इंजेक्शन घ्यायचीही घाई नको. स्टेरॉइडने कळ लवकर थांबते, पण तो पट्टा फाटायचा धोका वाढतो.

टाचेऐवजी पंजाच्या वरच्या बाजूला, बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर ठणका येत असेल तर प्रकरण वेगळं आहे. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" यावर समाधान मानून चालत राहू नका. पुन्हा दाखवा. बोटं बधिर असतील तर मात्र घाबरू नका. काही आठवडे, कधी काही महिने लागतात, हळूहळू संवेदना परत येते. मधुमेह असेल तर एवढंही थांबू नका, लगेच तपासून घ्या.

चालणं एकदम बंद करू नका. पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस मिनिटं, सपाट मातीवर, सॅकशिवाय. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला पाच किलोमीटरपर्यंत, पुढे सात-आठ. नियम एकच: दुसऱ्या दिवशी सकाळची कळ आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल तर अंतर एक तृतीयांशाने कमी करा. जिना उतरताना कठडा धरा, गुडघे कुरकुरत असतील तर कठड्याकडे तोंड करून बाजूने उतरा. लिफ्ट वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

जेवणाचा हिशेब नीट करा. पासष्ट किलोच्या माणसाला पंचवीस किलोमीटरला साधारण सोळाशे किलोकॅलरी लागतात. म्हणजे तीस ग्रॅम पिठाच्या पंधरा पोळ्या. चालणं थांबतं त्या दिवशी ही गरज संपते, पण भूक तीन-चार आठवडे तशीच राहते. दोन आठवडे त्या भुकेप्रमाणे जेवलात तर हिशेबाने तीनेक किलो चरबी चढते. ताटात आधी भाजी-आमटी, पोळ्या मागाहून. वाटेत नुसती खिचडी आणि टिक्कड खाऊन दंड-खांदे गळालेले असतात, तेव्हा डाळ, ताक, चालत असेल तर अंडी वाढवा. वाटेतल्या चहाची सवय सगळ्यात चिवट. गावोगावचे आठ-दहा कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅमपर्यंत साखर जात होती. ती एकदम तोडली की चिडचिड होते, डोकं दुखतं. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा.

तपासण्या कुठल्या? हिमोग्लोबिन, बी-बारा, साखर आणि पोट बिघडलेलं असेल तर शौचाची तपासणी. चाळीस चाचण्यांची पॅकेजेस नकोत. रक्तदाब किंवा साखरेच्या गोळ्या वाटेत कमी केल्या असतील तर दोन आठवड्यांत डॉक्टरांना दाखवा. चालणं थांबल्यावर आकडे पुन्हा वर जातात, आणि डोस स्वतःच्या मनाने वाढवायचा नसतो. ताप आला तर कुठून कुठे चाललात ते सांगा आणि मलेरियाची तपासणी करून घ्या. मलेरियाचा एक प्रकार महिन्यांनीही उलटतो.

खाजेबद्दल कुणी बोलत नाही, लाजतात. आश्रमांतल्या सामायिक सतरंज्या-ब्लँकेटांतून खरूज येते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला. डॉक्टरांना विचारून परमेथ्रिन पाच टक्के मलम मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर लावायचं, सकाळी अंघोळ करायची, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. कपडे गरम पाण्यात, सॅक आणि झोपायची पिशवी आठवडाभर बांधून बाहेर. मेडिकलमधलं मिश्र स्टेरॉइडचं मलम लावू नका. खाज दबते, रोग पसरतो, आणि नायटा असेल तर तो पुढे महिनोन्‌महिने आवरत नाही.

मावंदं पहिल्या दोन आठवड्यांत घालू नका. यावर वाद होतो, घरच्यांना उत्साह असतो, पण माझं मत पक्कं आहे. मावंदं म्हणजे चार तास उभं राहणं, पक्वान्नं, शंभर माणसं आणि प्रत्येकजण पाया पडणार. परिक्रमावासीच्या पायांना हात लावायचा असतो. त्या पायांना भेगा असतात, निम्म्या सुटलेल्या नखाखाली ओली जखम असते, आणि वर हळद-कुंकू पडतं, पाणी घालून पाय धुतले जातात. जखमा पूर्ण सुकल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घाला, आणि मोजे घालून बसा. कुणी काही म्हणत नाही.

झोप पहाटे चारला उडणारच. तिच्याशी भांडू नका, ती वेळ चालण्याला द्या. मऊ गादीवर पाठ धरते, म्हणून आठ-दहा रात्री खाली गोधडीवर झोपा आणि मग वर चला. दिवसाचा त्रास वेगळा असतो. वाटेत दिवसभरात तीनच प्रश्न होते: चहा कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे. समोरचा प्रत्येक माणूस "नर्मदे हर" म्हणत होता. इथे लिफ्टमध्ये कुणी मान वर करत नाही. कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, हॉर्न यांनी छाती धडधडते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडू येणं, कशातच मन न लागणं हे इतक्यांना होतं की ते धरूनच चला. बरोबर चाललेल्या एकाला रोज ठरलेल्या वेळी फोन करा, पंधरा मिनिटं. इतरांना सगळं सांगायचा प्रयत्न करू नका. त्यांना दहा मिनिटं पुरतात आणि न ऐकल्याचं दुःख तुम्हालाच होतं. हे मळभ दोन आठवडे सलग राहिलं, झोप-जेवण सुटलं, जगणं नको वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

आणि घरच्यांवर नवे नियम लादू नका. कांदा-लसूण बंद, टीव्ही बंद, पहाटे आरती सक्तीची, हे आल्याआल्या सुरू करणारे पुष्कळ आहेत. चार महिने बँक, गॅस, आजारपणं दुसऱ्या कुणीतरी एकट्याने ओढलेली असतात. त्या माणसाला आधी आठ दिवस सुट्टी द्या.

नोकरीवर बुधवारी किंवा गुरुवारी रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होतो. समाप्तीनंतर किमान दहा दिवस सोडून. दर चाळीस मिनिटांनी खुर्चीतून उठा. गाडी पहिले तीन-चार दिवस चालवू नका, ताशी चार किलोमीटरची सवय झालेल्या डोळ्यांना साठचा वेग झेपत नाही. निवृत्तांनी हयातीचा दाखला तपासावा. तो नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि परिक्रमा त्याच सुमारास उचलली जाते, त्यामुळे पेन्शन थांबलेली असू शकते. दाखला दिल्यावर थकबाकी मिळते.

अंगठ्याचं काळं नख ओढून काढू नका. सुटलेला भाग तेवढा कापत राहा, खालची जागा कोरडी ठेवा, मोजे रोज बदला. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. कार्तिकात पुढची मंडळी ओंकारेश्वरहून निघतील तेव्हाही ते निम्मंच आलेलं असेल.