चारशे किलोमीटर आणि सव्वा तास

दोन छोट्या विमानतळांमधले हवाई अंतर विचारले, की संगणक क्षणात आकडा देतो आणि त्याखालीच उड्डाणाचा वेळही सांगून टाकतो. पहिल्या आकड्यावर मी निर्धास्त विश्वास ठेवतो. दुसऱ्यावर मात्र, विशेषतः अंतर तीन-चारशे किलोमीटरचे असेल तर, मुळीच ठेवत नाही.

अंतराचे गणित सरळ आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरावा तशी त्यांच्यामधली सर्वांत जवळची वाट मोजायची. पृथ्वी ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा नितळ गोल मानली, तरी चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. वैमानिक हेच अंतर १.८५२ किलोमीटरच्या सागरी मैलांत मोजतात, आणि अक्षांशाचे एक मिनिट जवळजवळ तेवढेच भरत असल्यामुळे, दोन्ही ठिकाणे एकाच रेखांशावर असतील तर अक्षांशांमधल्या फरकाला नुसते साठाने गुणले तरी उत्तर हाती येते. (पूर्व-पश्चिम अंतराला ही युक्ती लावू नये, ६० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या निम्माच उरतो.)

वेळेचा हिशेब मात्र अंतराला वेगाने भागून सुटत नाही. ४०० किलोमीटरसाठी ताशी ८३० किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला कागदावर २९ मिनिटे लागतात, तर ताशी ५०० च्या आसपास जाणाऱ्या एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाला ४८. प्रत्यक्षात हा फरक बराच आकसतो. उतरताना दर हजार फुटांमागे साधारण तीन सागरी मैल धरतात, त्यामुळे ३६,००० फुटांवरून खाली यायलाच १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किलोमीटर लागतात. चढायला लागणारे अंतर त्यात मिळवले, तर तो पूर्ण वेग गाठून टिकवायला वाटच शिल्लक राहत नाही. म्हणूनच एवढ्या पल्ल्यावर जेट विमानेही कमी उंचीवरून जातात. शिवाय अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा असते, आणि ती जेटला जाचते तेवढी पंख्याच्या विमानाला जाचत नाही.

वेळापत्रकातला वेळ तर विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल येते, उड्डाणासाठीचे थांबणे येते, आणि वारा उलट असेल तर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाकडून उतरण्यासाठी घातलेला वळसाही येतो. ही मिनिटे अंतर ३०० असो वा ३०००, फारशी बदलत नाहीत; छोट्या उड्डाणात म्हणूनच ती इतकी डोळ्यांत भरतात. मी स्वतः ४८ मिनिटांच्या उड्डाणासाठी सव्वा तास धरतो आणि बहुधा चुकत नाही.

वाऱ्याचे गणित मला सर्वांत गमतीचे वाटते. जाताना मिळालेला वारा येताना आडवा आला की हिशेब फिटतो, असा बहुतेकांचा समज असतो. ताशी ५०० च्या विमानाला ताशी १०० चा वारा पाठीशी मिळाला, तर ४०० किलोमीटर ४० मिनिटांत संपतात. तोच वारा परतताना समोरून आला, तर ६० मिनिटे लागतात. आठ मिनिटे वाचली आणि बारा गेली, कारण विरुद्ध वाऱ्यात विमानाला राहावेच जास्त वेळ लागते.