जुन्या एफ-१५० वर पी०४२०: कन्व्हर्टर विकत घेण्याआधी काय काय तपासायचं

अमेरिकेत वापरलेली पिकअप घेतली की एक कोड आज ना उद्या भेटतोच: पी०४२०, म्हणजे कॉम्प्युटरच्या मते कन्व्हर्टरचं काम मर्यादेखाली गेलंय. चेक इंजिनचा दिवा लागतो, पार्ट्सच्या दुकानात स्कॅन होतं, काउंटरवरून उत्तर मिळतं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टच्या पाइपातला, धूर साफ करणारा डबा) गेला. शेकडो डॉलर मोजून तो बदलला जातो आणि काही महिन्यांनी दिवा पुन्हा हजर. पहिला कन्व्हर्टर ज्या दुखण्याने मेला ते दुखणं इंजिनात तसंच राहिलेलं असतं, आणि ते नव्यालाही खातं. म्हणून इथला सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: कन्व्हर्टर खरंच मेलाय का, आणि मेला असेल तर त्याला मारलं कोणी.

उदाहरणासाठी २००४ ते २००८ ची फोर्ड एफ-१५० घेऊ, ५.४ लिटरच्या तीन-व्हॉल्व्ह ट्रायटन व्ही-८ इंजिनाची. पद्धत बाकीच्या पेट्रोल पिकअपनाही चालते. आपल्याकडच्या बोलेरो पिकअपसारख्या डिझेल गाड्यांना मात्र हे लावू नका. डिझेलमध्ये मिक्स्चर मुद्दाम रिच (इंधन जास्त), लीन (हवा जास्त) असं हलत ठेवत नाहीत, त्यामुळे तिथली तपासणीच वेगळी.

हा कोड प्रदूषण मोजत नाही. कन्व्हर्टरच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आणि सेरियम ऑक्साइड यांचा लेप. सेरियम ऑक्साइडचं काम ऑक्सिजन साठवायचं: मिक्स्चर लीन झालं की ऑक्सिजन धरून ठेवायचा, रिच झालं की सोडायचा. इंजिनाचा कॉम्प्युटर मिक्स्चर सतत थोडं रिच, थोडं लीन करत राहतो, म्हणून कन्व्हर्टरच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये झुलत असतो. साठवण चांगली असेल तर ही झुलाझुल आतच जिरते आणि मागचा सेन्सर ०.६ ते ०.८ व्होल्टच्या आसपास शांत बसतो. साठवण संपली की मागचाही पुढच्याबरोबर नाचू लागतो. कॉम्प्युटर हे नाचणं मोजतो आणि साधारण लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद करणं म्हणजे एक) ते मर्यादेबाहेर गेलं तर दिवा लावतो. म्हणजे ज्या कुठल्या कारणाने मागचा सेन्सर नाचेल, त्या कारणाने पी०४२० येऊ शकतो.

व्ही-८ मध्ये सिलिंडरच्या दोन रांगा असतात, त्यातली एकेक रांग म्हणजे बँक. पी०४२० म्हणजे बँक १, पी०४३० म्हणजे बँक २. ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर ती बँक १. फोर्डच्या या व्ही-८ मध्ये ती पॅसेंजरच्या बाजूला आहे, तिथे १ ते ४ सिलिंडर. शेवरोले सिल्व्हराडोच्या ५.३ मध्ये ती ड्रायव्हरच्या बाजूला. यात गल्लत करून चुकीच्या बाजूचा सेन्सर किंवा कन्व्हर्टर काढणारे कमी नाहीत. दुसरा फायदा असा की व्ही-८ मध्ये तुलनेसाठी शेजारची बँक तयारच मिळते. एकाच बँकेचा कोड असेल तर त्या बाजूचं लीकेज, त्या बाजूचं मिसिंग (सिलिंडरमधलं पेट्रोल न पेटणं, म्हणजेच मिसफायर), त्या बाजूचा इंजेक्टर आधी बघा. दोन्ही कोड एकदम आले असतील तर कारण सामाईक शोधा: ऑइल जळतंय, एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) चुकीचा आकडा देतोय, किंवा दोन्ही कन्व्हर्टर वयाने थकलेत.

कोड लगेच पुसू नका. आधी फ्रीज फ्रेमचे, म्हणजे कोड आला त्या क्षणी कॉम्प्युटरने जपून ठेवलेले आकडे वहीत उतरवा: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, लोड, दोन्ही फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते; शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म). सोबत दुसरा कोड आहे का तेही बघा. पी०३०० ते पी०३०८ (मिसफायर), पी०१७१ किंवा पी०१७४ (लीन), पी०१७२ किंवा पी०१७५ (रिच), पी०१३५ किंवा पी०१४१ (सेन्सरचा हीटर), पी०१२८ (कूलंट गरम होत नाही, बहुतेक थर्मोस्टॅट), यातलं काहीही असेल तर पी०४२० बाजूला ठेवा आणि ते आधी मिटवा.

मग लीकेज. ते गाडी पूर्ण थंड असतानाच शोधायचं. या ट्रायटन इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे मागच्या टोकाचे स्टड गंजून तुटतात. सकाळी पहिल्या स्टार्टला टिक-टिक असा आवाज येतो आणि धातू तापून फुगला की कमी होतो किंवा थांबतो. याच इंजिनात कॅम फेझरचाही (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढे-मागे करणारा भाग) टकटकाट असतो, पण तो इंजिन गरम झाल्यावर आयडलला वाढतो, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात. टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यात, तसंच खालच्या फ्लँजवर काळा काजळीचा ओघळ दिसतो का बघा. ओघळ दिसला की तिथे गॅस निसटतोय. नाही दिसला तर इंजिन बंद आणि थंड असताना शॉप-व्हॅक्युमची नळी फुंकण्याच्या बाजूला लावा, टेलपाइपमध्ये चिंधीने घट्ट बसवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे जागा दाखवतात. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

लीकेजमधून गॅस फक्त बाहेर जात नाही. एक्झॉस्टचा प्रवाह ठोक्या-ठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो 'लीन' सांगतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि कन्व्हर्टरच्या वाट्याला रिच धूर येतो. मागच्या सेन्सरजवळ लीकेज असेल तर तोच थेट नाचतो आणि चांगला कन्व्हर्टर नापास होतो. एका पाच-दहा डॉलरच्या गॅस्केटपायी अख्खा कन्व्हर्टर बदलणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं.

यानंतर मिसिंग. कन्व्हर्टर मारण्यात याचा हात सर्वांत मोठा. न जळलेलं पेट्रोल थेट विटेवर जाऊन तिथे पेटतं, तापमान भलतंच चढतं, लेप भाजतो आणि जास्त झालं तर वीट वितळते. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला न राहता लुकलुकतोय याचा अर्थच हा की या क्षणी कन्व्हर्टरचं नुकसान होतंय. तेव्हा पाय सैल करा आणि जमेल तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या.

मिसिंग इतकं बारीक असू शकतं की कोडही येत नाही आणि सीटवर जाणवतही नाही. त्यासाठी स्कॅनरचा मोड ०६ उघडा, तिथे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकाल नंबरवार दिसतात. कॅन प्रोटोकॉलच्या (स्कॅनरशी बोलण्याची नवी पद्धत असलेल्या) गाड्यांत चाचणी नंबर ए२ म्हणजे सिलिंडर १, ए३ म्हणजे २, असं करत ए९ म्हणजे ८. तिथे मिसफायरची मोजणी दिसते. पी०४२० एकटाच असेल तर ए२ ते ए५ नीट बघा. सात सिलिंडर शून्यावर आणि एकावर शे-दीडशे असा आकडा असेल तर गुन्हेगार सापडला. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पुन्हा चालवा: मोजणी कॉइलबरोबर सरकली तर कॉइल किंवा तिचं रबर बूट, नाही सरकली तर प्लग किंवा इंजेक्टर. याच मोड ०६ मध्ये २१ हा बँक १ च्या कन्व्हर्टरचा निकाल आणि २२ बँक २ चा. मर्यादेच्या किती जवळ आलोय हे तिथे दिवा लागायच्या आधीच कळतं.

प्लग काढायला हात लावण्याआधी थांबा. या तीन-व्हॉल्व्ह इंजिनाचे मूळ प्लग दोन तुकड्यांचे असतात आणि कार्बनने आत चिकटून बसतात. सरळ पान्याने ओढले तर खालचा नळीसारखा तुकडा हेडमध्येच राहतो. इंजिन थंड असताना प्लग जेमतेम पाव आट्याइतका सैल करा, खड्ड्यात अर्धा ते एक चमचा कार्ब्युरेटर क्लीनर सोडा, निदान १५ मिनिटं मुरू द्या. मग पुढे-मागे, पुढे-मागे करत थोडं थोडं काढा. नवा बसवताना निकेलचं अँटी-सीझ खालच्या लांब नळीवर लावतात, आट्यांवर नाही.

काढलेला प्लग नीट वाचा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी मऊ काजळी म्हणजे रिच. ओला, काळा, चकचकीत म्हणजे ऑइल. पांढरट राखेचे खडे जमलेले म्हणजे ऑइल बऱ्याच दिवसांपासून जळतंय. ऑइलमधले फॉस्फरस आणि झिंक विटेवर थर धरतात आणि लेप झाकून टाकतात. हजार मैलांत एक क्वार्ट, म्हणजे जवळपास एक लिटर ऑइल खाणाऱ्या इंजिनाला नवा कन्व्हर्टर घालणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेककडे नेणारा), व्हॉल्व्ह सील, रिंग यांचा विचार करा. सिल्व्हराडोच्या २००७ नंतरच्या, सिलिंडर बंद-चालू करणाऱ्या ५.३ इंजिनांत हे ऑइल खाणं प्रसिद्धच आहे. कूलंटचंही तसंच. हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल तर त्यातली रसायनं सेन्सर आणि वीट दोन्ही खराब करतात. बाहेर कुठे गळत नाही आणि तरी पातळी उतरतेय, तर कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करा.

फ्युएल ट्रिम गरम इंजिनावर वाचा, एकदा आयडलला, एकदा २५०० आरपीएमला. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांत उत्तम, १० पर्यंत चालवून घेता येतं. आयडलला मोठा अधिक आणि २५०० ला नॉर्मल म्हणजे कुठेतरी व्हॅक्युम लीक. आयडलला ठीक आणि लोडखाली अधिक वाढतोय म्हणजे फ्युएल फिल्टर, पंप किंवा मळलेला एमएएफ. एमएएफला त्याचाच क्लीनर वापरा, ब्रेक क्लीनर नको. एकाच बँकेचा ट्रिम मोठा उणे असेल तर त्या बाजूचा गळका इंजेक्टर शोधा.

इथपर्यंत सगळं स्वच्छ असेल तरच कन्व्हर्टरची परीक्षा घ्या. गाडी १५-२० मिनिटं रस्त्यावर चालवा, कारण थंड कन्व्हर्टर नापासच होणार. त्याला जागं व्हायलाच अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस लागतात. मग उभ्या गाडीत २५०० आरपीएम दोन-तीन मिनिटं स्थिर धरा आणि पुढचा-मागचा सेन्सर एकाच ग्राफवर आणा. पुढचा करवतीच्या दातांसारखा, मागचा जवळजवळ सपाट रेघ: कन्व्हर्टर जिवंत. मागचाही तितक्याच वेळा ०.२ ते ०.८ मध्ये उड्या मारतोय: साठवण संपली. मग तेच बँक २ वर करा, फरक डोळ्यांनी दिसतो. (टोयोटासारख्या गाड्यांत पुढे एअर-फ्युएल सेन्सर असतो, तो असा झुलत नाही. तिथे फक्त मागच्याकडे बघा.)

आणखी एक चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. रस्त्यावर ५० मैलांच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. इंजेक्टर बंद होतात, एक्झॉस्टमध्ये नुसती हवा येते. पुढचा सेन्सर क्षणात खाली पडतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागचा रेंगाळतो, काही सेकंदांनी उतरतो, कारण मधला ऑक्सिजन वीट पिऊन घेते. दोन्ही एकदमच कोसळले तर वीट रिकामी आहे. मागचा सेन्सर ठीक आहे का तेही इथेच समजतं: जोरात ॲक्सिलरेट केल्यावर ०.८ च्या वर, सोडल्यावर ०.२ च्या खाली गेला की तो शाबूत. ०.४५ वर खिळून बसला असेल तर वायर, कनेक्टर किंवा हीटर बघा.

मागचा सेन्सर बदलून पी०४२० घालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो उलटा आहे. सेन्सर म्हातारा झाला की सुस्त होतो, आणि सुस्त सेन्सर कमी नाचतो. म्हणजे तो मेलेल्या कन्व्हर्टरला पास करेल, जिवंताला नापास करणार नाही. नवा चपळ सेन्सर घातला तर कोड उलट लवकर येईल.

इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं-मागचं तापमान मोजण्यावरही विसंबू नका. तो बाहेरच्या चकचकीत कवचाचं वाचन देतो, आणि चांगल्या ट्यून असलेल्या इंजिनात जाळायला फारसं काही उरतच नसल्याने फरक कमी दिसतो. तुंबलेल्या कन्व्हर्टरसाठी बॅकप्रेशर मोजा: पुढचा सेन्सर २२ नंबरच्या चीर असलेल्या गोटीने (सॉकेटने) काढून त्या जागी गेज बसवा. आयडलला दीड पीएसआयच्या आत, २५०० ला तीनच्या आत हवं. थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोड्याने टिचकी मारल्यावर आत खडखड झाली तर वीट फुटली आहे.

बदलायचाच ठरला तर आधी राज्याचा नियम बघा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोरॅडो आणि मेनमध्ये कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, कवचावर कोरलेलाच लागतो. बाकीकडे स्वस्त फेडरल कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांत मौल्यवान धातू आणि सेरियम कमी असतं, आणि जुन्या पिकअपवर ते अनेकदा पुन्हा पी०४२० देतात. जमत असेल तर ओरिजिनल किंवा ईओवाला घ्या. मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला धुराच्या प्रवाहापासून लांब धरणारा तुकडा) लावून कोड लपवू नका. तो कायद्याने उत्सर्जन यंत्रणेशी छेडछाड ठरतो, आणि पुढे काय बिघडतंय हे कळण्याची वाटही बंद होते. फ्लँजचे नट आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइलने भिजवून ठेवा, गॅस्केट नवीनच घाला, आणि जवळपास सिलिकॉन वापरावं लागलं तर डब्यावर 'सेन्सर सेफ' लिहिलेलंच घ्या.

कोड पुसला की सगळे रेडीनेस मॉनिटर (कॉम्प्युटरने आपली कोणती तपासणी पूर्ण केली याची नोंद) शून्यावर येतात, म्हणून त्याच दिवशी स्मॉग टेस्टला (सरकारी धूर-तपासणीला) जाऊ नका. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करा, दोन-तीन मिनिटं आयडल, मग हायवेवर ५०-६० मैलांच्या स्थिर वेगाने १०-१५ मिनिटं, मधे दोन-तीनदा ब्रेक न लावता वेग उतरू द्या. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, नाहीतर इव्हॅप मॉनिटर (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेच्या गळतीची तपासणी) चालतच नाही. असं दोन-तीन दिवस केल्यावर स्कॅनरवर कॅटॅलिस्टसमोर 'रेडी' दिसेल. तेव्हा मोड ०६ चा २१ पुन्हा उघडा आणि मर्यादा किती लांब राहिली ते फ्रीज फ्रेमच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.