टिनोपालची विजार: व्हायोलिनवाल्या विदूषकाचा तपास

मागच्या नोंदीत ठाण्यात नौपाड्यात घेतलेल्या व्हायोलिनवाल्या विदूषकाबद्दल (चावीचं, पत्र्याचं जुनं खेळणं) 'बहुधा जर्मन, 1920 च्या सुमारासचा' असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. विदूषक जपानी निघाला, तोही दुसऱ्या महायुद्धानंतरचा.

जर्मन का वाटला, तर विकणारे काका म्हणाले, "आमचे आजोबा बोटीवर होते, त्यांनी आणलाय." त्यात कापडी कपडे घातलेला, चावी दिली की डुलणारा वादक म्हटला की न्युर्नबर्गची शुको आठवतेच. 1912 साली सुरू झालेल्या या कंपनीचे फेल्टचे कपडे घातलेले माकड आणि विदूषक आपण सगळ्यांनीच फोटोत पाहिलेत. त्या काळच्या जर्मन मालावर बऱ्याचदा डी.आर.जी.एम. (नोंदणीची खूण) किंवा डी.आर.पी. (पेटंटची) अशी अक्षरं असतात. डी.आर.जी.एम. ही नोंदणी 1891 पासूनची. युद्धानंतर त्या 'आर'च्या, म्हणजे राइशच्या, जागी 'बी' आला. माझ्या विदूषकावर यातलं एकही अक्षर नव्हतं. मी खुशाल धरून चाललो की घासून गेली असतील. नसलेल्या छापेवर इमले बांधले, दुसरं काय!

मग विजार. पट्ट्यापट्ट्यांची, लांबलचक, कारण आत पाय नसून पत्र्याच्या काठ्या आहेत. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात मारला तर विजार निळीशार चमकली. नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे: कापड, दोरा किंवा पुठ्ठा असा चमकला तर त्यात पांढरेपणाचं रसायन आहे, आणि ते सर्रास वापरात आलं 1950 नंतर. म्हणजे पत्रा जुना, विजार नंतर कुणीतरी शिवलेली. वहीत तसं लिहूनही टाकलं.

पुढच्या शनिवारी त्या विकणाऱ्या काकांच्या घरी चहाला गेलो, तेव्हा काकूंजवळ सहज विजारीचा विषय काढला. काकू म्हणाल्या, "अहो, शिवली कुठली? गौरीपुढे आरास मांडायचो ना, त्यात हा असायचा. सासूबाई दरवर्षी ओल्या फडक्याने पुसायच्या. पांढऱ्या पट्ट्या उजळ दिसाव्यात म्हणून पाण्यात चिमूटभर टिनोपाल."

टिनोपाल! चमक येते ती नेमकी याच जातीच्या रसायनाने. परदेशी संग्राहकांची पुस्तकं वाचून टॉर्च मारणाऱ्यांनी आपल्याकडच्या धुलाईचा हिशोब धरायलाच हवा. घरी येऊन कमरेशी विजार धरून ठेवणारी पत्र्याची जीभ अगदी हलकेच अर्धा मिलिमीटर उचलली (अशा जिभा दोनतीनदा वाकवल्या की तुटतात, हौस म्हणून उचलू नका). तिच्याखाली दबलेली, टिनोपाल न पोचलेली कापडाची घडी टॉर्चखाली चमकली नाही, काळीच राहिली. दोराही चमकला नाही. विजार मूळचीच. घोट्याशी गंजाची रेघ आहे, ती त्याच ओल्या फडक्याची कमाई.

जीभ उचललेलीच होती म्हणून विजार जरा वर सरकवली, आणि आतल्या पत्र्यावर दहापट भिंगातून एक उघडा पंजा दिसला. त्यात टी.पी.एस., खाली 'मेड इन जपान'. टोकियो प्लेथिंग शोकाई! काठ्यांवर उभा, कापडी विजारीतला व्हायोलिनवाला हा त्यांचा गाजलेला माल. चार महिने मी ज्याला जर्मन म्हणत होतो, त्याने नावगाव विजारीत लपवून ठेवलं होतं.

आता साल. 1921 च्या आधी अमेरिकेला जाणाऱ्या जपानी मालावर 'निप्पॉन' असायचं, ते इथे नाही. 1947 ते 1952 या काळातलं 'ऑक्युपाइड जपान'ही नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. तो शब्द असला तर काळ पक्का. नसला तर काहीच ठरत नाही, कारण त्या वर्षांतही साधं 'जपान' लिहिलेला माल निघत होता. माझा कौल पंजाच्या छापेवर आहे: पन्नाशीचं दशक किंवा साठीची सुरुवात. आजोबांची बोट खरी असेलही, फक्त बरीच नंतरची.

चेहऱ्याला थिनर लावायचा मूर्खपणा मी पहिल्याच आठवड्यात केला होता. कापसावर गालाचा लाल रंग उतरला तेव्हा थांबलो. डावा गाल फिका का, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

दुसरं, जांभळी नाक्याजवळ मिळालेला देशी ढोलकीवाला. खेळण्यावर काहीच छाप नाही, पण खोक्यावर किंमत नव्या पैशांत. म्हणजे 1957 ते 1964. पत्त्यात 'बॉम्बे-2' आहे, सहा आकडी पिन नाही, म्हणजे 1972 च्या आधीचा, तेही जुळतं. खोका याच खेळण्याचा कशावरून? तळाच्या पुठ्ठ्यावर गंजाचे दोन ठसे आहेत, ढोलकीवाल्याचे पाय त्यांवर बरोब्बर बसतात.

विदूषकाची चावीची कमान (स्प्रिंग) मात्र अशक्त आहे. पूर्ण चावी दिली तरी चारपाच वेळा गज फिरवतो आणि थांबतो. स्टेशनजवळच्या घड्याळजींनी कमान न बदलता आधी जुनं, चिकट झालेलं तेल काढून बघू म्हटलंय. गुरुवारी देतो.