तुम्ही विचारलंत म्हणून: हल्ली तुम्ही वाद का घालत नाही?

कुठेही चार माणसं जमली आणि बोलणं निवडणुकीवर आलं, की दोघंतिघं माझ्याकडे वळून बघतात. मी गप्प आहे असं दिसलं की प्रश्न ठरलेला. "काय हो, हल्ली तुम्ही वाद घालत नाही? पूर्वी तुमच्यापुढे बोलायची कुणाची बिशाद नव्हती." विचारणाऱ्यांचे सूर वेगवेगळे. भाचरं डोळे मिचकावत विचारतात, "मावशी, पक्ष बदललास की काय?" धाकट्या जावेला खरोखर काळजी असते. आणि माझ्या वयाच्या मैत्रिणी म्हणतात, "बरं केलंस बाई, आपल्या वयाला आता शोभत नाही ते." हे शेवटचं ऐकलं की मात्र घशाशी आलेलं वाक्य मोठ्या कष्टाने गिळावं लागतं.

मी सदुसष्ट वर्षांची आहे. चौतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतला. असा माणूस घरी येऊन गप्प बसेल ही अपेक्षाच चूक. तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे.

सुरुवात रक्तदाबाच्या यंत्रापासून झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवडाभर रोज सकाळी घरी मोजा आणि लिहून आणा. मी रोज मोजायची. वही व्यवस्थित, तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. वरचा आकडा दीडशेच्या खाली यायला तयार नव्हता. एका सकाळी मुलगा दारात उभा राहून बघत होता. दंडाला पट्टा, पट्टा फुगतोय, समोर टीव्हीवर सहा माणसं एकाच वेळी बोलतायत आणि सातवी मी. "आई, तू कुणाशी भांडतेयस?" त्याने टीव्ही बंद केला, मला पाठ टेकून बसवलं, पायांवर पाय होते ते खाली टेकायला लावले, हाताखाली उशी देऊन दंड छातीच्या पातळीवर आणला आणि म्हणाला, पाच मिनिटं एक अक्षर बोलायचं नाही. आधी १५८ आणि ८८ होते. नंतर १३८ आणि ८४.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले. मोजताना बोललं की आकडा चढतो, हे त्यांना जुनंच. राजकारणावरच बोलायला हवं असंही नाही, साधा पत्ता सांगितला तरी चढतो. आधी लघवीला जाऊन यायचं, पट्टा बाहीवर नाही, उघड्या दंडावर बांधायचा, आणि एका आकड्यावर विश्वास न ठेवता मिनिटभराने पुन्हा मोजायचं, हेही त्यांनीच सांगितलं. वरचा आकडा वयाबरोबर का चढतो, तेही त्या दिवशी कळलं. मोठ्या रोहिण्या ताठर होतात, हृदयाने ढकललेला लोट पूर्वीसारखा झेलत नाहीत. आणि पन्नाशी-साठीनंतर खालचा आकडा उलट उतरायला लागतो. दोघांमधलं अंतर वाढत जातं, आमच्या घरातल्या दोन पिढ्यांच्या मतांसारखं.

आता यावरून कुणी म्हणेल, म्हणजे प्रकृतीसाठी वाद सोडलात. नाही. मी टीव्ही सोडला. त्या सहा माणसांना माझं काही ऐकू येत नव्हतं, हे लक्षात यायला मला बासष्ट वर्षं लागली एवढंच.

ऐकू येण्यावरून आठवलं. माझ्या खऱ्या वादाचा जोडीदार माझा थोरला भाऊ. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही शाळेत असल्यापासून भांडतोय. तो ज्यांना मत देतो त्यांना मी देत नाही, हा आमच्या नात्याचा पायाच. पण मागे एका निवडणुकीनंतर आमचं फोनवर असं काही बिनसलं की दीड वर्ष बोलणं नव्हतं. सगळ्यांनी धरून चाललं, राजकारणाने बहीणभावात फूट पाडली. मीही तसंच समजत होते.

झालं होतं असं. त्या दिवशी दादाने एक मुद्दा मांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो मान्य झाला. मी म्हटलं, "दादा, तुझं पटतंय मला." पलीकडे क्षणभर शांतता, मग स्फोट. "माझं फसतंय? माझं? तुझं कधी फसलं नाही का?" आणि फोन ठेवला. मला वाटलं, मान्य केलं तरी हा चिडतो, तर आता बोलायचंच कशाला!

दीड वर्षाने वहिनीचा फोन आला. दादाच्या कानांची तपासणी झाली होती. पुढे मी तो आलेख स्वतः पाहिला. डावीकडे रेघ बरी वर चालते आणि उजवीकडे लहान मुलांच्या घसरगुंडीसारखी खाली येते. डावीकडे जाड, ढाले आवाज, उजवीकडे बारीक, उंच पट्टीचे. वयाबरोबर बारीक आवाज आधी जातात. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि उंच आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात. स्वर ऐकू येत राहतात, व्यंजनं पुसट होतात. म्हणून अशा माणसाला "बहिरा" म्हणावं तर तो म्हणतो, मला ऐकू येतं, तुम्ही लोकच तोंडातल्या तोंडात बोलता. 'स'ची सळसळ बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वर असते. जुन्या पद्धतीचा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पुढे पाठवायचा. म्हणजे फोनवर निम्मं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं आणि उरलेलं तो अंदाजाने भरत होता. समोर मी आहे म्हटल्यावर अंदाज कोणत्या बाजूने करायचा हे ठरलेलंच.

मुद्रितशोधकाच्या दृष्टीने सांगायचं तर एका प्रुफातल्या चुकीवरून आम्ही दीड वर्ष गमावलं.

त्याला श्रवणयंत्र मिळालं. पहिले काही आठवडे तो यंत्रावरच चिडायचा, कारण सगळंच मोठं ऐकू यायचं, कागदाची खसखससुद्धा. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. चष्मा लावला की लगेच दिसतं, हे तसं नव्हे. तरी त्याने ते काढून कपाटात टाकलं नाही, याबद्दल मी त्याला कधी नव्हे ते मनापासून शाबासकी दिली. मी चाळिशी चाळिसाव्या वर्षीच लावली, कामच तसं होतं, आणि तेव्हा कुणी तोंड लपवलं नाही. कानाच्या यंत्राची लाज का वाटावी?

पण तुमचा खरा प्रश्न "मतं बदलली का" हा असतो, तो नुसता वेगळ्या शब्दांत येतो. वय झालं की माणूस आपोआप परंपरेकडे झुकतो, असं गृहीत धरून विचारणारे बरेच. याबाबत मला एक जुना अभ्यास फार आवडतो. अमेरिकेतल्या बेनिंग्टन कॉलेजात, जिथे तेव्हा फक्त मुली शिकत, थिओडोर न्यूकॉम्ब नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात विद्यार्थिनींची राजकीय मतं नोंदवली. बऱ्याच मुली सुखवस्तू, परंपरावादी घरांतल्या. कॉलेजात राहून कित्येकींची मतं उदारमतवादाकडे सरकली. पंचवीसेक वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं, मग १९८४ मध्ये, त्या सत्तरीला आलेल्या असताना, परत एकदा. बहुतेकींचा कल कायम होता. याचा अर्थ कुणीच बदलत नाही असा नाही, पण तरुणपणी लागलेलं वळण भलतंच चिवट असतं. माझंही तसंच आहे. मी ज्यांना मत देत होते त्यांच्यावर आता पूर्वीपेक्षा जास्त रागावते, पण मत फार लांब गेलेलं नाही.

बदललं ते अंतर. पूर्वी मी ज्यावर तावातावाने बोलायचे ते सगळं माझ्यापासून लांब होतं: युद्धं, करार, कोण कुणाला काय म्हणालं. आता राजकारण माझ्या गुडघ्यापर्यंत आलंय. बसची पायरी किती उंच ठेवायची हे कुणीतरी ठरवलेलं असतं. अर्जाची अक्षरं किती बारीक आणि किती फिकट राखाडी, हेही. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं. अर्ज छापणारा पंचविशीचा असतो आणि त्याला तो झकास दिसतो. सार्वजनिक जागी बाकडं आहे का, स्वच्छतागृह आहे का, असलं तर त्याला कुलूप आहे का, यावर आमच्या वयाची माणसं घराबाहेर पडतात की नाही हे ठरतं. यावर जाहीर सभेत कुणी टाळी घेत नाही.

आणि म्हातारं कुणाला म्हणायचं, तेसुद्धा असंच कुणीतरी ठरवलेलं. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० होती. बिस्मार्क स्वतः तेव्हा ७४ वर्षांचा. ती ६५ वर आली १९१६ मध्ये. त्या एका वर्षात जर्मन माणसांचे गुडघे काही पाच वर्षं आधी दुखायला लागले नव्हते. रक्तदाबाचंही तेच. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली, आणि तिथल्या प्रौढांपैकी ३२ टक्क्यांऐवजी ४६ टक्के लोक त्या व्याख्येत बसले. रात्री निरोगी झोपले, सकाळी रुग्ण होऊन उठले. युरोपातल्या तज्ज्ञांनी १४०/९० ची रेघ ठेवली. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे माझे १३८ अमेरिकेत आजार आणि युरोपात नाही? ते म्हणाले, "काकू, रेघ कुठेही मारा, तुम्ही चाला." दोन्ही बाजूंकडे कारणं आहेत, लवकर लक्ष दिलं तर पक्षाघात टळतात हेही खरं. पण रेघ आभाळातून पडत नाही, माणसं टेबलाभोवती बसून ती मारतात, हे कळल्यापासून मला "हे राजकारण नाही, हे आरोग्य आहे" असं कुणी म्हटलं की हसू येतं.

चालण्यावरून सांगते. मी रोज जो रस्ता ओलांडते तिथे पादचाऱ्यांचा हिरवा दिवा तेरा सेकंद राहतो. भाचीने फोनवर वेळ लावून मोजलं. रस्ता पंधरा मीटर. मी सेकंदाला पाऊण मीटरहून थोडं जास्त चालते, म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा पलीकडचा पदपथ माझ्यापासून चारएक मीटर दूर असतो आणि डाव्या बाजूला एक मोटारसायकल घुरघुरत असते. हा माझा आळस, असं मी कितीतरी दिवस समजत होते. मग कळलं की अशा दिव्यांचा हिशोब करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची जुनी पद्धत आहे. पंधरा भागिले १.२, साडेबारा. माझे तेरा सेकंद बरोब्बर तिथून आले असणार. अमेरिकेच्या नियमावलीत २००९ मध्ये हा वेग कमी करून १.०७ केला, तो तरी काय, माझ्या आवाक्याबाहेरच. पण निदान कुणीतरी आकड्याला हात लावला.

मी अर्ज लिहिला. एक पान, ठळक अक्षरात, चारही आकडे देऊन, एकही अशुद्ध शब्द नाही. घेऊन गेले तर खिडकीमागच्या तरुणाने वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या पक्षाच्या?"

"साठी बुद्धी नाठी" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की बुद्धी शाबूत आहे, फक्त ती आता भागाकार करते. तुम्हाला मी गप्प दिसते कारण तुम्ही ज्या विषयावर वाद व्हावा म्हणून माझ्याकडे बघता, त्यावर माझं म्हणणं तुम्हाला गेली चाळीस वर्षं पाठ आहे. बाकड्याबद्दल विचारून बघा. स्वच्छतागृहाच्या कुलुपाबद्दल विचारा. अर्जावर अजून उत्तर नाही, पोच मात्र शिक्क्यासकट माझ्याकडे आहे.

दादाला अर्ज वाचून दाखवला. त्याने तो यंत्र लावून नीट ऐकला आणि म्हणाला, दिवा वीस सेकंद केला तर गाड्यांची रांग मागच्या चौकापर्यंत जाईल, त्याचा विचार केलायस का? मी म्हटलं, गाडीत बसलेल्याचे पाय दुखत नाहीत. तो म्हणाला, त्यात रुग्णवाहिकाही असते. मुद्दा खरा होता. मी त्याला पाच मिनिटं थांब म्हटलं, दंडाचा पट्टा सोडून बाजूला ठेवला आणि मग बोलायला लागले.